आजारपणाचा जमाखर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



हळदीकुंकवाच्या आणि फराळाच्या आधी आजारपणाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहीजणींच्या मनात आले असेल. चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘सार्वजनिक आरोग्य आणि आपल्या भागाची आर्थिक उन्नती’ असा. विषयाचे नाव जरा भारदस्त आहे, पण आतली गोष्ट आपल्या रोजच्या संसारातली आहे. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. आजारपणाचा जमाखर्च कसा मांडावा, एवढेच सांगणार आहे.

आपण घरखर्चाची वही लिहितो. किराणा, दूध, शाळेची फी, आणि एका ओळीत ‘औषधपाणी’. महिनाअखेर त्या ओळीची बेरीज करून आपण म्हणतो, या महिन्यात आजारपणाला इतके गेले. पण खरोखरी तेवढेच जाते का? एक उदाहरण घेऊ. समजा, खुरपणीच्या दिवसांत रोज ३०० रुपये मिळवणारी एक बाई तापाने ६ दिवस अंथरुणाला खिळली. तिची १,८०० रुपये मजुरी बुडाली. तिला तालुक्याच्या गावी न्यायला नवऱ्याचे २ दिवस मोडले, त्याचे रोजचे ४०० धरले तर ८०० झाले. दवाखाना, औषधे आणि एस.टी.चे भाडे मिळून १,५०० रुपये. एकूण ४,१०० रुपये. घरात शिल्लक नाही म्हणून ही रक्कम महिना शेकडा ५ रुपये व्याजाने काढली आणि फेडायला १० महिने लागले, तर व्याजच २,०५० रुपये होते. वहीत मात्र ‘औषधपाणी’ या नावाखाली १,५०० एवढाच आकडा राहतो.

आता यातली एक बाब नीट पाहा. औषधाचे पैसे निदान दुकानदाराच्या गल्ल्यात गेले, भाड्याचे एस.टी.ला मिळाले. पण बुडालेली २,६०० रुपयांची मजुरी कोणालाच मिळाली नाही. ते काम झालेच नाही. तेवढे शेत खुरपायचे राहिले. अशी १०० घरे धरली तर एका हंगामात २ लाख ६० हजार रुपयांचे काम त्या गावातून नाहीसे झाले. ते धान्यात उतरले नाही, बाजारात फिरले नाही, शिंप्याकडे गेले नाही की कासाराकडे गेले नाही. भागाची गरिबी म्हणतात ती अशी थेंबाथेंबाने गळते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की लोकांचे आरोग्य राखण्यावर होणारा खर्च दानधर्माच्या सदरात लिहू नये. विहीर खणण्यावर किंवा रस्ता बांधण्यावर होणाऱ्या खर्चाच्या शेजारी त्याची जागा आहे.

ही गोष्ट राज्यकर्त्यांना आपल्याकडे प्रथम फार कडू अनुभवातून कळली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. लाखो माणसे शहर सोडून गावाकडे पळाली. गिरण्यांचे चाते फिरवायला माणूस मिळेना, तेव्हा मालकांना रोजच्या रोज रोख मजुरी देऊन कामगार धरून ठेवावे लागले. बंदराचा व्यापार अडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईला आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत तीन महिने खपून त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्याने स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. एका रोगाने केवढी पेठ थांबते, आणि एका संशोधनाने ती पुन्हा चालू व्हायला कशी मदत होते, हे मुंबईने पाहिले.

परंतु तिथे धडा अर्धाच शिकला गेला. काळजी होती ती बंदराची आणि गिरण्यांची. जिथे बंदर नाही, गिरणी नाही, पाऊसही धड नाही, अशा तालुक्याचे काय? त्याचे उत्तर शोधायला आपल्याला पाऊणशे वर्षांनंतरच्या जामखेडला जावे लागते.

जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्यातला अवर्षणाचा तालुका. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी ते याच तालुक्यात. इथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आले. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन शस्त्रक्रिया आणि सार्वजनिक आरोग्य यांचे शिक्षण घेऊन परतलेले. त्यांना मोठ्या शहरात मानाची जागा सहज मिळाली असती. त्यांनी जामखेडला गुरांच्या एका जुन्या, ओस पडलेल्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू केले.

त्या वेळी त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. हा १९७१ चा आकडा आहे. रुग्णालय काढून हे थांबेल असे त्यांना वाटले नव्हते, कारण मुले दगावत होती ती हगवणीने, न्यूमोनियाने, धनुर्वाताने आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या उपासमारीने. यांतला एकही रोग असा नाही की ज्याला आधी मोठी इमारत लागते. लागते ते शहाणपण, आणि तेही रोग्याच्या दाराशी, वेळेवर.

आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. ते साधले नाही. परक्या गावात एकट्या तरुण मुलीने राहायचे कसे, आणि गावातल्या बायकांनी तिचे ऐकायचे तरी का? तेव्हा गावकऱ्यांकडूनच सूचना आली, की आमच्याच गावातली बाई का शिकवत नाही? अशा रीतीने गावोगावच्या बायका निवडल्या गेल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित समाजातल्या, काही टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, रात्री एका खोलीत एकत्र राहत, शिकत आणि परत जाऊन आपल्या गावात ते शिकवत. बाळंतपणात हात आणि नाळ कापण्याचे पाते स्वच्छ कसे ठेवावे, गरोदरपणी धनुर्वाताची लस का टोचावी, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, मुलाचे वजन कसे करावे, कुष्ठरोग आणि क्षय लवकर कसे ओळखावेत. भगिनींनो, जामखेडचा नवा शोध म्हणायचा तो हा. यात यंत्र नाही, परदेशी औषध नाही. डॉक्टरांनी आपल्याजवळचे ज्ञान कुलपातून काढून, ज्यांना कोणी पाट मांडून बसवत नव्हते त्या बायांच्या ओटीत घातले.

परिणाम काय झाला? १९७६ साली तोच आकडा १७६ वरून ५२ वर आला, आणि १९९६ साली २६ वर. ही घट घडायला तालुक्याने आधी श्रीमंत व्हावे लागले नाही. आधी श्रीमंती आणि मग आरोग्य, हा क्रम आपण गृहीत धरतो. जामखेडने तो उलटा करून दाखवला.

आता माझ्या विषयाकडे येते. याचा तालुक्याच्या अर्थकारणाशी संबंध काय?

पहिला संबंध पाण्यातून आला. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आरोळे मंडळी गावकऱ्यांना विचारीत, तुम्हाला प्रथम काय हवे? कोणीही दवाखाना म्हणत नसे. पाणी आणि अन्न हवे म्हणत. म्हणून आरोग्यकेंद्राने कूपनलिका खोदायला मदत केली, मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. काही कूपनलिका मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे यावेच लागे. पाण्याबरोबर शिवाशिवही थोडी वाहून गेली. गावोगाव शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. त्यांनी झाडे लावली, बांध घातले, पाणी अडवले. दवाखान्याच्या निमित्ताने जमलेली माणसे शेताचा विचार करू लागली.

दुसरा संबंध बाईच्या हातातल्या पैशातून आला. आरोग्याचे काम करणाऱ्या या बायकांना लहान लहान कर्जे मिळवून देण्यात आली. कोणी शेळ्या घेतल्या, कोणी बांगड्यांचा धंदा केला, कोणी सुकट विकली. आता यात एक बारीक गोम आहे, ती मी अर्थशास्त्राच्या वर्गातही सांगत असे. जिच्या पदरी स्वतःची चार नाणी आहेत, तिचा सल्ला गाव ऐकते. आणि जिचे मूल जगण्याची खात्री आहे, ती पुढच्या चार बाळंतपणांऐवजी शेळीचा विचार करू शकते. आरोग्याने मिळकतीला बळ दिले आणि मिळकतीने आरोग्याला. रहाटगाडग्याचा एक पोहरा भरून वर येतो तेव्हा दुसरा खाली भरायला जातो, तसे हे चालते.

तिसरा संबंध कामधंद्याचा. जामखेडला कृत्रिम अवयवांची कार्यशाळा निघाली. तिथे जयपूर फूट तयार होतो, आणि तो स्थानिक माणसांनी शिकून बनवलेला असतो. ज्याचा पाय गेला तो पुन्हा शेतात उभा राहतो, आणि ज्याने पाय बनवला त्याला गावाजवळ काम मिळते. शिवाय देशोदेशीचे लोक इथे शिकायला येऊ लागले. ज्या तालुक्यातून माणसे फक्त बाहेर जात, तिथे माणसे बाहेरून येऊ लागली.

या कामाला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हातून घडलेल्या आरोग्यकार्यावर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडचा समावेश केला. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्माआटा येथे जगातल्या राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला. आपल्या एका कोरड्या तालुक्यातल्या निरक्षर बायांचे काम जगाच्या चर्चेत गेले, याचा आपल्याला अभिमान का वाटू नये?

मात्र नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जामखेडच्या शेजारचाच बीड जिल्हा घ्या. तिथून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. साखर कारखाने वाढले, उलाढाल वाढली, याला आपण त्या त्या भागाची भरभराट म्हणतो. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, आणि त्यांत ऐन तिशीतल्या बायकाही होत्या. कारणे अनेक होती. त्यांत एक कारण खाड्याचे होते. एक दिवस कामावर गेले नाही तर मुकादम दंड लावतो. पाळीचे दिवस, पांढरे जाणे, पोटात दुखणे, यांसाठी पाण्याची, आडोशाची, साध्या औषधाची सोय फडावर नाही. आणि गावाजवळ वेळेवर खरे सांगणारे कोणी नसले, की बाई कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते. मग ते कर्ज फेडायला पुन्हा ऊस तोडायला जाते.

साखर आपल्या सगळ्यांच्या डब्यात आहे, म्हणून ही गोष्ट मला इथे सांगावीशी वाटली. ज्या भरभराटीत बाईच्या शरीराची झीज कोणी मांडत नाही, तिचा जमाखर्च खोटा आहे. दोन्ही भाग एकमेकांना लागून, पाऊस तसाच, जमीन तशीच. फरक एवढाच पडतो, की एका ठिकाणी बाईला ज्ञान आणि मान मिळाला, आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्याकडे निव्वळ दोन हात म्हणून पाहिले गेले.

पुढचा टप्पा गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. जंतुदोष झालेल्या बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंत शिकवले. अशिक्षित समाजात हे चालेल का, अशी शंका पुष्कळांनी घेतली. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. भारत सरकारने २००५ साली ‘आशा’ योजना सुरू केली आणि २०११ पासून घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम आशांकडे दिले. आज देशात सुमारे १० लाख आशा आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला.

गौरव झाला हे उत्तमच. पण याच आशांना मोबदल्यासाठी आपल्या राज्यात २०२३-२४ मध्ये संप करून रस्त्यावर बसावे लागले. सरकारच्या लेखी त्या नोकर नाहीत, स्वयंसेविका आहेत. बाईने केलेले काम म्हणजे सेवा, आणि सेवेला पगार कसला, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. आपण घरात ती सोसतो, म्हणून सरकार दारात ती चालवते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर आशेला दिलेला रुपया तिच्याच गावातल्या किराणा दुकानात, शाळेत आणि शिंप्याकडे खर्च होतो. आरोग्यही मिळते आणि पैसाही भागात फिरतो. याहून सरळ गुंतवणूक मला तरी ठाऊक नाही.

आकड्यांचा कंटाळा आला असेल, पण आणखी दोनच सांगते. २०१३-१४ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत होते. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. सुधारणा आहे, नाही असे नाही. पण त्याच वर्षी सरकारांचा मिळून आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या पावणेदोन टक्क्यांच्या थोडा वर, म्हणजे १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले आहे. आपल्या मंडळाचा जन्म होण्याआधीचे हे वचन अजून पुरते फळाला आलेले नाही.

आता आपल्या मंडळाविषयी. वर्धापनदिनानिमित्त निधी जमला आहे आणि तो कशासाठी वापरावा यावर कार्यकारिणीत दोन मते आहेत, असे मला समजले. सभागृहाला नवी फरशी बसवावी असे एक मत आहे. फरशीला माझा विरोध नाही. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने घरच्यांच्या निर्णयात फार बोलूही नये. पण विषय तुम्हीच दिलात, म्हणून तीन सूचना करते.

पहिली सूचना बिनपैशाची आहे. प्रत्येक सभासद भगिनीने वर्षभर आपल्या आणि शेजारच्या दोन घरांतल्या आजारपणाचे दिवस वहीत लिहावेत. कोण किती दिवस आजारी, किती मजुरी बुडाली, कर्ज काढले का, किती व्याजाने. नावे लिहू नयेत, फक्त आकडे लिहावेत. वर्षाअखेर ही बेरीज घेऊन आपण नगरपालिकेत आणि आरोग्यकेंद्रात गेलो, तर आपल्याला कोणी ‘बायकांची तक्रार’ म्हणून परत पाठवू शकणार नाही. आकडा हातात असलेल्या बाईशी अधिकारी जरा निराळ्या आवाजात बोलतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरी सूचना, निधीतला काही भाग आजारपणासाठी बिनव्याजी उसनवारीला ठेवावा. मघाच्या हिशेबात ४,१०० रुपयांवर २,०५० रुपये व्याज गेले. तेवढे वाचवले तरी एका घराचा किराणा भागतो. आपल्या भिशीत आजवर पै-पैचा हिशेब चोख राहिला आहे. हेही काम आपल्याला जमेल.

तिसरी सूचना आपल्या भागातल्या आशाताईंविषयी. त्यांना दरवर्षी आपण शाल आणि श्रीफळ देतो. या वर्षी त्यांना सभेत बोलवावे, खुर्ची द्यावी आणि आपल्याला शिकवायला सांगावे. रक्तक्षय कसा ओळखावा, रक्तदाब का मोजावा, मधुमेहात काय खावे. दर महिन्याला एक तास. आणि त्या तासाचे मानधन मंडळाने द्यावे. थोडे का असेना, पण पाकिटात घालून, पावती घेऊन, वहीत ‘मानधन’ म्हणून लिहून द्यावे. बाईच्या कामाला मोल आहे, हे आपण आपल्या वहीत लिहिले नाही तर सरकारच्या वहीत ते लिहा असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

जामखेडला पाऊस आपल्यापेक्षा जास्त पडत नव्हता, आणि तिथल्या त्या बायका आपल्याइतक्या शिकलेल्याही नव्हत्या. त्यांना शिकवणारे दोन डॉक्टर भेटले, हे त्यांचे भाग्य. पण शिकायला दर आठवड्याला घराबाहेर पडायचे धाडस त्यांचे स्वतःचे होते. नवऱ्याची, सासूची आणि गावाची बोलणी खाऊन त्या गेल्या. आपल्याला तर आशाताईंकडून शिकायला या सभागृहापर्यंतच यायचे आहे. फरशी जुनी असली तरी त्यावर सतरंजी घालून बसता येईल.

पुढच्या वर्षीच्या वर्धापनदिनी आपल्या वहीतली बेरीज ऐकायला मला पुन्हा बोलवावे, अशी विनंती करून आपली रजा घेते.